मेम्ब्रेन जुळतात कशा: लिपिडचं प्रॅक्टिकल, नागपूरच्या उन्हासकट

मेम्ब्रेन फ्यूजनचं, म्हणजे पेशीतले दोन पातळ पडदे जुळून एक होण्याचं, चित्र काढा म्हटलं की एमएस्सीची मुलं झरझर स्नेअर प्रोटीन काढतात. पिळलेल्या दोऱ्या, मधली लूप, शेजारी कॅल्शियमचे ठिपके, सगळं जागच्या जागी. रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल कशासाठी मिळालं, तेही पाठ असतं. मग मी विचारते, "प्रोटीनांनी दोन मेम्ब्रेन जवळ ओढून आणल्या. पुढे काय होतं?" इथे वर्ग खाली बघतो.

पुढचं काम लिपिडचं, म्हणजे मेम्ब्रेन ज्या चरबीसारख्या रेणूंची बनते त्यांचं आहे, आणि ते एकाही प्रोटीनशिवाय दाखवता येतं. त्याचं प्रॅक्टिकल इथे लिहून ठेवते. मी अमरावती रोडवरच्या एका कॉलेजात ते घेते. आमच्याकडे एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रवात उजेड किती अडतो ते मोजणारा) आहे, फ्लोरिमीटर (रंगांची चमक मोजणारा) दुसऱ्या विभागाकडून मागून आणावा लागतो, आणि परीक्षा नेमकी पारा चढायला लागला की येते. ज्यांच्या लॅबची तब्येत अशीच आहे त्यांनी पुढे वाचावं.

आधी डोक्यात काय पक्कं हवं

तर्रीवर तेलाचे दोन थेंब तरंगत शेजारी आले की लगेच एक होतात. पेशी असं करत नाहीत, नाहीतर शरीर म्हणजे एकच गोळा झाला असता. फरक पाण्याचा आहे. फॉस्फोलिपिडला पाणी आवडणारं डोकं आणि तेलकट शेपट्या असतात. त्याच्या डोक्याभोवती पाणी घट्ट बसलेलं असतं, आणि दोन बायलेयरमधलं (बायलेयर म्हणजे अशा रेणूंचा दुहेरी थर) अंतर दोन-तीन नॅनोमीटरच्या आत आणायचं तर ते पाणी हुसकावून लावावं लागतं. ते सुखासुखी जात नाही. फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे पीसी, पाणी फार धरून ठेवतं. फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन, म्हणजे पीई, त्याचं डोकं लहान. ते शेजारच्या फॉस्फेटशी हायड्रोजन बंध करतं आणि पाणी कमी बाळगतं.

दुसरी गोष्ट आकाराची. लायसो-पीसीला शेपटी एकच, म्हणून तो रेणू डोक्याकडे रुंद. पीसी जवळपास सरळ नळकांडं. पीई, डायअसिलग्लिसरॉल, कोलेस्टेरॉल, ओलिक ॲसिड ही मंडळी शेपटीकडे रुंद. इस्राएलाश्विली आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे आकड्यात बसवलं: शेपट्यांच्या आकारमानाला डोक्याचं क्षेत्रफळ आणि शेपटीची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर एकाच्या जवळ आलं तर बायलेयर, एक तृतीयांशाच्या खाली गोल मायसेल, म्हणजे शेपट्या आत घेतलेला गोळा, एकाच्या वर गेलं तर उलटी षट्कोनी रचना, म्हणजे डोकी आत वळलेल्या नळ्यांची मांडणी.

आता हे फ्यूजनला लावा. दोन बायलेयर भिडल्या की समोरासमोरचे दोन थर आधी मिसळतात आणि मध्ये एक अरुंद मान तयार होते. हेच स्टॉक मॉडेल. कोझलोव्ह आणि मार्किन यांनी १९८३ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि २००२ मध्ये लिन यांग आणि ह्युई हुआंग यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनाने तशी रचना प्रत्यक्ष टिपली. या मानेत थर ज्या बाजूला वाकतो, ती बाजू शेपटीकडे रुंद असलेल्या रेणूंना मानवते. मागचे दोन थर अजून वेगळेच असतात, म्हणजे बाहेरची कातडी एक झाली पण आतला ऐवज वेगळा राहिला. याला हेमिफ्यूजन म्हणतात. शेवटी छिद्र पडतं आणि आतलं पाणी एक होतं. छिद्राच्या काठाला मात्र उलट वाक लागतो, तिथे डोक्याकडे रुंद रेणू कामाला येतात.

सगळ्या प्रॅक्टिकलभर तीन प्रश्न वेगळे ठेवा: चिकटले का, कातडी मिसळली का, आतलं मिसळलं का? परीक्षेतल्या निम्म्या चुका हे तिन्ही एक समजल्यामुळे होतात.

लिपिड कोणतं आणायचं

तीन लिपिडं घ्या: डीओपीएस, डीओपीसी, डीओपीई. शेवटची दोन अक्षरं डोक्याची: पीसी आणि पीई वर आलेच, पीएस म्हणजे ऋण भाराचं फॉस्फॅटिडिलसेरीन. तिन्हींच्या शेपट्या ओलिकच्याच, फक्त डोकी वेगळी. त्यामुळे निकालात जो फरक दिसेल तो डोक्याचा, हे छातीठोकपणे म्हणता येतं. अंड्यातलं पीसी आणि मेंदूतलं पीएस घेतलं तर शेपट्यांची खिचडी होते आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर देता येत नाही.

ओलिकवाली लिपिडं निवडण्याचं नागपुरी कारणही आहे. डीओपीसीचं वितळणं शून्याच्या बरंच खाली, उणे १७ अंशांच्या आसपास होतं. डिसेंबरची सकाळ असो की मेची दुपार, ते पातळच राहतं. उलट डीएमपीसी, म्हणजे दुसऱ्या शेपट्यांचं पीसी, २४ अंशांच्या जवळ वितळतं. आमच्या लॅबमध्ये हिवाळ्यात सकाळच्या बॅचला ते गोठलेलं आणि दुपारच्या बॅचला पातळ. दोन बॅचचे निकाल जुळत नाहीत आणि दोष मुलांवर जातो. तशाच डीपीपीसीचा आकडा ४१. पंचेचाळीसच्या दुपारी लाइट गेली आणि एसी बंद पडला, तर टेबलावरच्या बाटलीतही ते अवस्था बदलू शकतं. पुस्तकात 'रूम टेम्परेचर' लिहिणाऱ्याने आपला मे महिना पाहिलेला नसतो.

ऑर्डर फेब्रुवारी संपायच्या आत द्या. क्लोरोफॉर्ममधली लिपिडं सीलबंद काचेच्या अँप्यूलमध्ये येतात, पण सोबतचा बर्फ एप्रिलमध्ये कुरिअरच्या गोदामातच पाणी होतो. अँप्यूल फोडली की उरलेलं टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण असलेल्या काचेच्या बाटलीत घाला, वर नायट्रोजन सोडा, उणे २० वर ठेवा. प्लास्टिकच्या टिप, पॅराफिल्म, एपेनडॉर्फ ट्यूब, काहीही क्लोरोफॉर्मला लागू देऊ नका. प्लास्टिकमधलं जे विरघळून येतं ते थेट बायलेयरमध्ये जाऊन बसतं. काचेची सिरिंज वापरा.

बाटली बरेचदा उघडली असेल तर क्लोरोफॉर्म उडून लिपिड घट्ट झालेलं असतं. लेबलवरच्या आकड्यावर तेव्हा विसंबू नका, बार्टलेटच्या पद्धतीने फॉस्फरस मोजा. त्यात परक्लोरिक ॲसिड तापवायचं असतं, म्हणून फ्यूम हूड नसेल तर हा नाद सोडा आणि नवी अँप्यूल घ्या.

हात बसवायला महागडं लिपिड जाळू नका. सोयाबीनचं कच्चं तेल गरम करून त्यात थोडं पाणी घातलं की गोंदासारखा भाग वेगळा होतो, त्यातून लेसिथिन मिळतं. विदर्भात सोयाबीनची कमी नाही, आणि खाण्याच्या दर्जाचं लेसिथिन स्वस्तात मिळतं. त्यातलं तेल ॲसिटोनने धुऊन काढा. फॉस्फोलिपिडं ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत, तळाशी बसतात. या धुतलेल्या लेसिथिनवर फिल्म आणि एक्सट्रूजनचा, म्हणजे लिपिडचा थर चढवण्याचा आणि तो बारीक फिल्टरमधून ढकलण्याचा, सराव करा. मोजमाप मात्र त्यावर घेऊ नका, कारण त्यात पीसी, पीई आणि इतर फॉस्फोलिपिडं सगळं मिसळलेलं असतं.

फिल्म आणि लिपोसोम

लिपोसोम म्हणजे बायलेयरचे पाणी भरलेले सूक्ष्म फुगे. त्यांच्या तीन बॅच करा. पहिली नुसत्या डीओपीएसची, दुसरी डीओपीएस आणि डीओपीसी समान मोलची, तिसरी डीओपीएस आणि डीओपीई समान मोलची. प्रत्येकीत एकूण १० मायक्रोमोल लिपिड धरा. दुसऱ्या बॅचसाठी डीओपीएस साधारण ४ मिलिग्रॅम आणि डीओपीसी ३.९ मिलिग्रॅम, तिसरीसाठी डीओपीएस तेवढंच आणि डीओपीई ३.७ मिलिग्रॅम. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅचमध्ये ऋण भार सारखाच आहे, हे मुलांकडून आधीच वदवून घ्या. नंतर हेच कामाला येतं.

नुसत्या डीओपीईची चौथी बॅच करू का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. करू नका. ते साधारण १० अंशांच्या वर उलट्या षट्कोनी रचनेत जातं, त्यामुळे आपल्याकडे जवळपास बारा महिने फ्लास्कमध्ये गठ्ठे मिळतील, लिपोसोम नाही. पण 'का नाही' हा प्रश्न व्हायव्हाला उत्तम.

रोटाव्हॅपोरेटरवर, म्हणजे फ्लास्क फिरवत व्हॅक्यूममध्ये द्रव उडवणाऱ्या यंत्रावर, क्लोरोफॉर्म उडवा. इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी आडवं येतं. एप्रिलनंतर नळ उघडला की कंडेन्सरमध्ये गरम पाणी फिरतं आणि क्लोरोफॉर्मची वाफ न जमता सरळ पंपाकडे पळते. आमचे भाऊ, म्हणजे लॅब अटेंडंट, सकाळीच बर्फाची लादी आणून बादलीत टाकतात आणि त्यात छोटा पंप सोडून तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवतात. खर्च फार नाही, पंपाचं तेलही वाचतं. फ्लास्क फिरत असताना काचेवर पातळ, एकसारखा, जरा धुरकट थर चढायला हवा. एका बाजूला पिवळसर ठिपका साचला तर थोडा क्लोरोफॉर्म घालून पुन्हा फिरवा. नंतर निदान दोन तास व्हॅक्यूममध्ये ठेवा, रात्रभर ठेवलं तर उत्तम. पावसाळ्यात फिल्म बाहेर काढून गप्पा मारू नका, ती हवेतलं पाणी ओढते.

बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण: २० मिलिमोलर हेपेस, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.४. फॉस्फेट बफर चालणार नाही. कॅल्शियम घातल्याबरोबर कॅल्शियम फॉस्फेटचा साका येतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर इमानदारीने तो फ्यूजन म्हणून दाखवतो. पाणी डीआयोनाइज्डच घ्या. बोअरच्या पाण्यात आधीच कॅल्शियम असतं, त्याने धुतलेली काचही शेवटी डीआयोनाइज्डने खंगाळा.

फ्लास्कमध्ये एक मिलिलिटर बफर घाला, अर्धा तास थांबून थांबून हलवा. द्रव नायट्रोजन मिळत असेल तर पाच वेळा गोठवून वितळवा. मग १०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून सिरिंज ते सिरिंज ढकला, ११ वेळा. आकडा विषम ठेवा, म्हणजे शेवटचा माल पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि गाळून न गेलेले गठ्ठे अलीकडेच राहतात. पहिल्या दोन ढकलण्यांना अंगठा दुखेल, पुढे सैल होतं. एकदम सैल झालं तर फिल्टर फाटला समजा.

क्युवेटमध्ये काय बघायचं

हा सगळ्यात चांगला भाग, त्यामुळे इथे घाई नको.

क्युवेटमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पारदर्शक डबीत, दोन मिलिलिटर बफर घेऊन २० मायक्रोलिटर लिपोसोम टाका. लिपिड ०.१ मिलिमोलर झालं. ४०० नॅनोमीटरवर ॲब्सॉर्बन्स, म्हणजे उजेड किती अडला तो आकडा, मिनिटभर नोंदवा. रेघ सपाट हवी. ती आपली आपणच चढत असेल तर लिपोसोम आधीच बिघडलेले आहेत. आता १ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे १० मायक्रोलिटर घाला, म्हणजे ५ मिलिमोलर. झाकण धरून एकदा उलटवा आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहा.

नुसत्या डीओपीएसच्या क्युवेटमध्ये डोळ्यांनीच दिसतं. आधी क्युवेटमागचा छापील कागद स्वच्छ वाचता येतो, मग अक्षरांच्या कडा पुसट होतात, मग निळसर पांढरेपणा येतो. पाच वर्षांपूर्वीची बॅच असो की यंदाची, कोणीतरी ओरडतंच, "मॅडम, पांढरं होऊन राहिलं!" होऊ द्या, पण 'फ्यूजन झालं' असं लगेच लिहू देऊ नका. लिपोसोम नुसते चिकटले तरी उजेड विखुरतो.

म्हणून आकडा स्थिरावला की ०.५ मोलर, पीएच ८ चं ईडीटीए ४० मायक्रोलिटर घाला. दहा मिलिमोलर, म्हणजे कॅल्शियमच्या दुप्पट. ईडीटीए कॅल्शियम धरताना प्रोटॉन सोडतं, त्यासाठीच हेपेस २० मिलिमोलर घेतलं आहे. नुसते चिकटलेले सुटतात आणि आकडा जवळपास मूळ जागी येतो. जे जुळून मोठे झाले ते परत लहान होत नाहीत. आकडा खाली येतो पण वरच अडकतो. हा उरलेला फरक म्हणजे तुमचा निकाल. पीएस आणि कॅल्शियम मिळून गुंडाळीसारखी घट्ट रचना करतात आणि ईडीटीए घातलं की ती उलगडून मोठे लिपोसोम मिळतात. पापाहाजोपुलोस यांच्या गटाने १९७५ मध्ये मोठे लिपोसोम करण्यासाठी नेमकी हीच युक्ती वापरली होती.

आता दुसरी आणि तिसरी बॅच शेजारी शेजारी चालवा. भार सारखा, कॅल्शियम सारखं, शेपट्या सारख्या. पीसीच्या बॅचमध्ये आकडा चढला तरी थोडा, आणि ईडीटीएने खाली येतो. पीईची बॅच चढते आणि अडकून राहते. मुलांचा पहिला अंदाज असतो की ऋण भार आणि कॅल्शियम भेटले की झालं. हे दोन आलेख एका कागदावर ठेवले की तो अंदाज तिथेच गळतो. भाराने ओढ लागते, पण पीएस निम्म्यावर आलं की पाणी सोडायला आणि वाकायला पीई हवं.

वेळ असेल तर कॅल्शियमऐवजी ५ मिलिमोलर मॅग्नेशियम घालून डीओपीएसची बॅच पुन्हा चालवा. मॅग्नेशियमही दोन धन भारांचंच. ते या आकाराच्या लिपोसोमना चिकटवतं, जुळवत नाही. कॅल्शियम दोन समोरासमोरच्या पीएसना असं धरतं की मधलं पाणी बाहेर पडतं. मॅग्नेशियम स्वतःभोवतीचं पाणी सोडायला तयार नसतं.

फ्लोरिमीटर मिळाला तर

गढूळपणावर भागवून घेता येतं, पण कातडी मिसळली का याचं सरळ उत्तर स्ट्रक, होकस्ट्रा आणि पागानो यांच्या १९८१ च्या पद्धतीत आहे. एका बॅचमध्ये एनबीडी-पीई आणि ऱ्होडामिन-पीई, म्हणजे चमकणारे रंग जोडलेली पीई, प्रत्येकी एक टक्का घाला. दोन्ही जवळ असताना एनबीडीची ऊर्जा ऱ्होडामिनकडे जाते. रंगीत एक भाग, बिनरंगी चार भाग असं मिसळा, ४६० च्या आसपास उजेड टाका, ५३० ला बघा. लिपिड मिसळून रंग विरळ झाले की एनबीडी उजळतं. शेवटी ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून शंभर टक्क्यांची रेघ ठरवा. ट्रायटनमुळे एनबीडीची स्वतःची चमकही कमी होते, ती दुरुस्ती विसरू नका.

हेमिफ्यूजनमध्येही हा आकडा चढतो, हे लक्षात ठेवा. आतलं मिसळलं का ते बघायला एका बॅचच्या पोटात टर्बियम आणि दुसरीच्या पोटात डायपिकोलिनिक ॲसिड भरतात (दोन्ही भेटली की चमकतात), बाहेर थोडं ईडीटीए ठेवतात म्हणजे गळलेलं चमकत नाही. विलशुट आणि पापाहाजोपुलोस यांची १९७९ ची पद्धत. एका दिवसाच्या प्रॅक्टिकलमध्ये ती बसत नाही, कारण बाहेरचं टर्बियम कॉलमने काढत बसावं लागतं. प्रोजेक्टला द्या.

लायसो-पीसीचा प्रयोग मात्र चुकवू नका. तयार लिपोसोमना बाहेरून अगदी थोडं लायसो-पीसी लावा, लिपिडच्या काही टक्के एवढंच. जास्त झालं तर ते डिटर्जंटसारखं सगळं फोडून टाकतं. ते बाहेरच्या थरात शिरतं, डोक्याकडे रुंद असल्याने मानेला लागणारा वाक येऊ देत नाही, आणि फ्यूजन मंदावतं. चेर्नोमॉर्डिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की कॅल्शियमने, जीटीपीने किंवा आम्लतेने होणारी वेगवेगळ्या जैविक मेम्ब्रेनची फ्यूजन लायसोलिपिडने थांबतात, आणि ते धुऊन काढलं की पुन्हा सुरू होतात. प्रोटीनं प्रत्येक ठिकाणी निराळी, अडथळा एकच. हे ऐकल्यावर स्नेअरच्या चित्रात लिपिड कुठे बसतं ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. तेच लायसो-पीसी आतल्या थरात असेल तर छिद्र उघडायला मदतच करतं. थर सांगितल्याशिवाय 'लायसो-पीसी फ्यूजन थांबवतं' असं लिहिणाऱ्याचे मी अर्धे गुण कापते.

व्हायव्हाला आणखी एक प्रश्न हमखास ठेवा: कोविडच्या एमआरएनए लशीतल्या लिपिड कणात आयनीभवन होणारं लिपिड का घालतात? एंडोसोमच्या, म्हणजे पेशी कण गिळते त्या पिशवीच्या, आम्लात त्यावर धन भार येतो, एंडोसोमच्या ऋण लिपिडशी जोडी जमते, आणि ती जोडी मिळून शेपटीकडे रुंद होते. पुढचं उत्तर तिसऱ्या बॅचच्या आलेखावर बोट ठेवून देता आलं पाहिजे.

आवरताना

क्युवेट नुसत्या पाण्याने धुऊ नका, कॅल्शियम-पीएसचा थर काचेला धरून बसतो. आधी ईडीटीएचं पाणी, मग मिथेनॉल, मग डीआयोनाइज्ड. एक्सट्रूडरचे टेफ्लॉनचे भाग सुटे करून मिथेनॉलमध्ये बुडवा, सिरिंजचे दट्टे एकमेकांत बदलू नका, ते जोडीनेच बसतात. क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतायचा नाही. हॅलोजन कचऱ्याची वेगळी बाटली ठेवा, झाकण घट्ट लावा आणि उन्हाची खिडकी सोडून कुठेही ठेवा. उरलेले लिपोसोम फ्रीजमध्ये चार अंशांवर दोन-तीन दिवस चालतात, पण पुढच्या बॅचला देण्याआधी ४०० नॅनोमीटरवरची सपाट रेघ पुन्हा तपासून घ्या.